बारा पॉइंट सहा

झाशीत खंडेराव गेटच्या आत, समोरासमोर दोन हातगाड्या आल्या की एकीला मागं सरावं लागतं अशा गल्लीत, अण्णांचा वाडा आहे. वाड्याला जुनी पागा आहे. पागेत आता घोडा नाही, साठ घोडे आहेत. सगळे एका लाल बॉनेटखाली बांधलेले आणि सगळे उभेच्या उभे.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरग्लासच्या बॉडीची, रेनोचं 1149 सीसीचं इंजिन बसवलेली. साठ हॉर्सपॉवरच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर वाद घालणारे लोक जगात आहेत. अण्णांच्या ओसरीवर नाहीत.

मी भुसावळचा. रेल्वेतल्या बदलीनं झाशीत आलो आणि वाड्याच्या माडीवर भाड्यानं राहू लागलो. पहिल्याच सकाळी खालून आरोळी आली, "बारा पॉइंट पाच!" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "काल किती होतं?"

"सहा."

"म्हणजे आज नाश्ता निवणार."

हे रोजचं. अण्णा तोंड धुतात आणि चहाच्या आधी मल्टिमीटर घेऊन पागेत शिरतात. चष्मा कपाळावर, लाल वायर इकडे, काळी तिकडे, श्वास रोखलेला. आकडा लगेच वहीत चढतो. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी. आणि 12च्या खाली गेली की त्या दिवशी घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजते. स्वतःचं ब्लडप्रेशर मात्र त्यांनी कैक महिन्यांत मोजलेलं नाही. मध्ये एकदा डॉक्टरांनी विचारलं, "साधारण किती असतं?" तर तंद्रीत म्हणाले, "बारा पॉइंट सहा."

ही जात काही झाशीतच पैदा होते असं नाही. पुण्यात ती कव्हराखालची मोटारसायकल पुसते, कोल्हापुरात खुंटीवरची बंदूक. वस्तू वापरायची नसते, राखायची असते. झाशीतल्या मराठी माणसाला या राखण्याची खोड अंमळ जास्त, आणि त्यात त्याची चूक नाही. नेवाळकरांच्या वेळी आलेली घरं. संस्थान गेलं, पागेतला घोडा गेला, उरली मोडी कागदांची पेटी आणि मराठी. तीही जरा उतरलेली, अधूनमधून हिंदीवर चार्ज होणारी. अण्णा म्हणतात, "गाडी खडी राहिली ना, की नाराज होते."

नाराजीचं कारण त्यांनी स्वतःच बसवून घेतलं आहे. चोर येईल म्हणून गाडीला अलार्म लावला. अलार्म, घड्याळ आणि स्टिरिओ मिळून, गाडी बंद असतानाही, पन्नासेक मिलिअँपिअर पितात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला सव्वा अँपिअर-अवर होतात. पस्तीसची बॅटरी महिन्याभरात कोरडी. म्हणजे चोर आलाच, तर त्यालाही सेल्फ लागणार नाही. या दृष्टीनं अलार्म चोख आहे. काळी वायर काढून ठेवली की प्रश्न मिटेल, असं मी एकदा सुचवलं. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी सलाइनवरच्या पेशंटची नळी काढायला निघालोय.

त्यात झाशीचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45च्या पुढे गेला की बॅटरीतलं पाणी आटतं आणि नुसती बसलेली बॅटरी दुप्पट वेगानं उतरते. लोक थंडीला बोल लावतात, पण मारतो उन्हाळा. थंडी फक्त मेल्याचं कळवते. अण्णा डिस्टिल्ड वॉटर घालतात, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतात, व्हॅसलीन लावतात. काकूंच्या टाचांना त्या घरात व्हॅसलीन मिळत नाही.

दर रविवारी गाडी पाच मिनिटं सुरू करायची आणि गल्लीनं ती ऐकायची, हाही नेम होता. तो मिस्त्रीनं मोडला. "पाँच मिनट में तो सेल्फ का उधार भी नहीं चुकता, अण्णाजी. घुमाके लाओ." घोडा का अडला, भाकरी का करपली, याचं उत्तर काकूंना लहानपणापासून पाठ होतं, त्या दारातून फक्त "न फिरवल्यानं" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

फिरवायला ओरछा आहे, अठराएक किलोमीटर. पण वाटेत धूळ, परतीला संध्याकाळ, आणि मुळात गल्लीतून गाडी काढायची तर सात स्कूटर आणि एक म्हैस हलवावी लागते. तेव्हा अण्णांनी चार्जरच आणला, भरली की आपोआप थांबणारा. तो भिंतीतल्या विजेवर चालतो, हे पहिल्याच रात्री बत्ती गेल्यावर लक्षात आलं. मग चार्जर इन्व्हर्टरला जोडला. आता बत्ती गेली की घरातला पंखा बंद होतो आणि एक बॅटरी दुसऱ्या बॅटरीला भरवत बसते. किल्ल्यावर कडक बिजली तोफ आहे. "आमच्या घरची तिकडे गेली," असं काकू पाहुण्यांना सांगतात.

1858मध्ये झाशी पडली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गॅस्ताँ प्लाँतेनं शिशाची बॅटरी बनवली, याचा अण्णांना मनापासून राग आहे. वर्षभर आधी बनवली असती तर नक्की काय झालं असतं, ते सांगत नाहीत. पण काहीतरी झालं असतं.

गेल्या जानेवारीत धुक्याची लाट आली. पहाटे दुधवाल्याची पिकअप नुसती कण्हायला लागली. तो केबल घेऊन पागेपाशी उभा राहिला. अण्णा मफलर गुंडाळून आले, बॉनेट उघडलं, लाल ते लाल जोडलं, स्वतः खाली वाकून काळी जोडली. पिकअप एका दमात उठली. मग समोरच्या मास्तरांची व्हॅन, मग कोपऱ्यावरच्या टेंटवाल्याची जीप. आठ वाजेपर्यंत सगळी गल्ली कामाला निघून गेली होती. लाल गाडी जागची हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खालून आरोळी आली नाही म्हणून मी डोकावलो. अण्णा वहीत खाली मान घालून लिहीत होते: आज 12.4. त्याखाली रेघ मारून, जमाखर्चात लिहितात तसं, "येणे बाकी: दूधवाला, मास्तर, टेंट. मिळून 0.2."