हरळीचं भाग्य

शेतकऱ्याला हरळीसारखा वैरी नाही. नांगरून, वेचून बांधावर वाळत टाकली, तरी एखादं पेर मातीला टेकायचा अवकाश, पुन्हा बाईसाहेब हजर. हीच हरळी ‘बर्म्युडा’ म्हणून सोसायटीत राहायला आली की तिचं नशीबच पालटतं. तिला सकाळ-संध्याकाळ पाणी, महिन्याला खत, आणि शेजारी ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. पत्ता बदलला की पत वाढते, हे माणसांचं तेवढं ठाऊक होतं.

या लाडक्या हरळीत लव्हाळा डोकावला, तेव्हा कमिटीत तणनाशकाचा ठराव आला. माळीकाका काही बोलले नाहीत. उकिडवे बसले आणि खुरप्याच्या टोकानं हलकेच माती उकरू लागले. पातीखाली काळी गाठ, गाठीला दोऱ्याएवढं मूळ, त्याच्या टोकाला दुसरी गाठ. “वरनं उपटलं की ही खाली हसत बसती, साहेब. गाठीसकट काढाय पाहिजे.” मी एक गाठ चुरगळून नाकाशी धरली, आणि ऐन आषाढात दिवाळीची पहाट दरवळली. उटण्यातला नागरमोथा तो हाच. ज्याच्या पुडीला आपण पैसे मोजतो, त्यालाच मारायला पुन्हा पैसे मोजणार होतो.

मग पिवळे चट्टे पडले. हुमणीच, असं एकमतानं ठरलं. आमच्या कमिटीत एकमत दुर्मीळ, त्यामुळे ते खरंच वाटलं. माळीकाकांनी गवत मुठीत धरून ओढलं. हुमणीनं मुळं कुरतडली असती तर हिरवळ सतरंजीसारखी उचलून आली असती. ती जागची हलली नाही. रोग बुरशीचा होता, आणि त्याला आवतण आमचंच: संध्याकाळच्या फवाऱ्यानं पाती रात्रभर ओली राहत. पाणी पहाटे, तेही रोज नव्हे, पण मुरेल असं द्यायला लागल्यावर चट्टे हळूहळू भरत आले. बुरशी म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण मेटारायझियम नावाची एक बुरशी मातीत राहून त्या हुमणीलाच मारते. कोणाला शत्रू म्हणावं, हे जरा थांबून ठरवलेलं बरं.

भाद्रपदात तर कमाल होते. दूर्वांनी भरलेलं अंगण ओलांडून आम्ही दूर्वांच्या एकवीस जुड्या आणायला मंडईत जातो. दारातली हरळी यंत्रानं इतकी खुरटी कापलेली असते, की तीन पात्यांचा नीट कोंब मिळत नाही. आणि औषध मारलेलं गवत देवाला वाहणार तरी कसं? म्हणून कमिटीला माझी विनंती आहे: श्रावण लागला की फाटकाजवळचा एक कोपरा यंत्र आणि फवारणी, दोन्हींतून वगळावा. खुरपणीला मी येईन. गुडघे कुरकुरतात, पण माळीकाका शेजारी असले की वेळ बरा जातो.