नानांना मंदी मानवली

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमधली लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांहून जुनी पेढी बुडाली आणि कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नानांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारीत एकवीस हजारांवर होता, तो ऑक्टोबरअखेर आठ हजारांखाली डोकावून आला. तो जसजसा उतरत गेला, तसतसे नाना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागले. लिफ्टची वीज वाचावी म्हणून. लिफ्टचं बिल सगळ्या सोसायटीत वाटलं जातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण पुढे वार्षिक सभेत "मी लिफ्ट वापरत नाही, माझा वाटा कमी करा" असं म्हणायची त्यात सोय होती.

नानांचं त्या पडझडीत काही बुडालं असेल असं समजू नका. त्यांच्याकडे एकही शेअर नव्हता. त्या वर्षी जानेवारीत एका बड्या वीज कंपनीचा इश्यू आला तेव्हा आमच्या वॉचमननेही मेहुण्याच्या नावाने फॉर्म भरला होता. नाना जागचे हलले नाहीत. फेब्रुवारीत पहिल्याच दिवशी तो शेअर विक्रीच्या किमतीखाली घसरला, तेव्हा नानांनी सोसायटीत पेढे वाटले नाहीत इतकंच, आणि तेही पेढ्यांचा भाव पाहून.

खरी गंमत पुढेच आहे. नाना पुण्यातल्या डिफेन्स अकाउंट्समधून निवृत्त झालेले. केंद्र सरकारने सहावा वेतन आयोग मंजूर केला तो ऑगस्ट २००८ मध्ये, म्हणजे लेहमन बुडायच्या महिनाभर आधी. आणि लागू केला १ जानेवारी २००६ पासून. पेन्शन वाढलं. वर जवळजवळ पावणेतीन वर्षांची थकबाकी. चाळीस टक्के त्या आर्थिक वर्षात, उरलेले साठ पुढच्या. म्हणजे जगात मंदी आली आणि नानांच्या खात्यात थकबाकी आली, दोन्ही मागेपुढेच. दुसरा कोणी असता तर थकबाकीबद्दल बोलला असता. नाना मंदीबद्दल बोलले.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतोच. काटकसर तो जन्मभर करत आलेला असतो, पण तेजीच्या दिवसांत लोक तिला चिक्कूपणा म्हणतात. पोरं पिझ्झा मागवतात, शेजारी दुसरी गाडी घेतात, आणि हा बिचारा गळक्या नळाखाली तांब्या लावून एकटा बसलेला. मग केव्हातरी मंदी येते आणि कालपर्यंत जी कुचेष्टा होती तिचं रातोरात धोरण होतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून "बचतीचे उपाय" छापून येतात, आणि ते सगळे हा माणूस वीस वर्षांपासून करत असतो. नानांनी तर एका पुरवणीतले उपाय वाचून "फारच उधळे लोक दिसतात" असा शेरा मारला होता.

(नाना मूळचे सोलापूरचे. तेव्हा चहाबद्दलचे ठेवणीतले पुणेरी विनोद वाचकांनी कृपया आवरावेत. नानांकडे चहा मिळतो. साखर आपण घरून घेऊन जावी असंही नाही. फक्त ती विरघळायच्या आत नाना गप्पा सुरू करतात आणि ढवळायचा चमचा सगळ्यांत मिळून एकच असतो.)

त्यांच्या घरात वस्तूंना निवृत्ती नव्हती. सोलापुरी चादर विटली की ती इस्त्रीखाली जायची, तिथून पायपुसणं, मग स्कूटर पुसायचं फडकं, आणि शेवटी मोरीच्या तोंडाला बोळा. साबणाचा चपटा तुकडा नव्या वडीच्या पाठीला चिकटायचा. टूथपेस्टची ट्यूब आधी लाटण्याने लाटून आणि मग कात्रीने कापून आत बोट फिरवण्याचा मान घरातल्या ज्येष्ठाचा. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात, पिशवी दोरीवर वाळत, आणि पन्नास जमल्या की भंगारवाल्याकडे. लग्नपत्रिकांचे लिफाफे उलटे करून पुन्हा चिकटवलेले असायचे. आमच्या मुलीच्या लग्नात नानांचा आहेर ज्या लिफाफ्यात आला, त्याच्या आतल्या बाजूला आमच्याच थोरल्याच्या लग्नाचा मुहूर्त होता.

स्वयंपाकघर मात्र नानींचं, त्यामुळे तिथे नानांना सल्लागार एवढंच पद होतं. त्यांचं गॅसचं शास्त्र खरोखर चोख. डाळ तासभर भिजवायची, कुकरमध्ये तळाला डाळ, मध्ये भात, वर बटाटे, आणि शिट्टीनंतर थोड्याच वेळात गॅस बंद. बाकीचं कोंडलेली वाफ करते. आमच्याकडे आजही तसंच करतात. सिलिंडर लावल्याची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने. एकदा सिलिंडर अठ्ठेचाळीस दिवस गेला, तेव्हा नाना ती बातमी सोसायटीच्या फलकावर लिहायला खडू घेऊन निघाले. नानी दारातून म्हणाल्या, "अहो, त्यातले तेवीस दिवस मी माहेरी होते, तेही लिहा."

साठ वॉटचे बल्ब काढून नानांनी पंधरा वॉटचे सीएफएल आणले. किती महिन्यांत पैसे वसूल होतील याचा तक्ता केला. मग दिव्याची किंमत डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून तो जपून वापरायचं ठरलं, आणि घरात पूर्वीपेक्षा जास्त अंधार झाला. मंडईत ते रात्री आठनंतरच जायचे. उठायच्या वेळी भाजीवाल्या उरलेला माल फुंकून टाकतात हे खरंच, आणि एका जुडीच्या पैशात चार जुड्या मेथी मिळते हेही खरं. पण ती मेथी त्याच रात्री निवडावी लागते. नानी साडेअकरापर्यंत निवडत बसायच्या, आणि तो दिवा कोणत्या खात्यात टाकायचा यावर नवरा-बायकोत जे बोलणं व्हायचं, ते भिंतीपलीकडे आम्हाला फुकट ऐकू यायचं.

फोनचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. मोबाइलवरचा मिस्ड कॉल हे नानांच्या मते विज्ञानाचं सर्वोच्च शिखर. एक रिंग म्हणजे स्वारगेटला पोचलो. दोन म्हणजे दूध आणा. तीन म्हणजे उशीर होईल. चार म्हणजे उचला, पण हे कलम प्रत्यक्षात कधी वापरलं गेलं नाही. सोलापूरच्या पुतण्याने एकदा दुसऱ्याच रिंगला फोन उचलला, तर "उचललास कशाला मूर्खा!" हे तीन शब्द सांगण्यात नानांचा अख्खा मिनिटाचा आकार गेला, आणि काका-पुतण्यांत दिवाळीपर्यंत अबोला राहिला. अबोल्यात खर्च नसल्याने तो मिटवायची घाई कोणाला नव्हती. पुढे २००९ च्या उन्हाळ्यात टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर काढला, तेव्हा नाना खऱ्या अर्थाने बोलके झाले. "बरा आहेस? बरं." चार पैसे. "ठेवतो" म्हणायला एक पैसा लागतो असं लक्षात आल्यावर तो शब्द बाद झाला.

तिसऱ्या मजल्यावर अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी नानांना अर्थतज्ज्ञ केन्स सांगून पाहिला. सगळ्यांनीच खर्च आवरला तर माल खपणार नाही, माल खपला नाही तर कारखाने थांबतील, आणि ज्यातून वाचवलं तोच पगार जाईल. केन्सने १९३१ मध्ये इंग्लंडच्या रेडिओवर गृहिणींना बजावलं होतं की तुम्ही पाच शिलिंग वाचवलेत की कुणा एकाचा एका दिवसाचा रोजगार बुडतो, तेव्हा बाहेर पडा आणि खरेदी करा. नानांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाच शिलिंगचे आजचे किती?" प्राध्यापकांना ते चटकन सांगता येईना. आठवड्याने नानांनी स्वतःच कुठून तरी आकडा काढला आणि जिन्यात प्राध्यापकांना गाठलं. "तेवढे माझे महिन्याकाठीसुद्धा वाचत नाहीत. माझ्यामुळे कोणी बेकार झालेलं नाही."

हे मात्र शब्दशः खरं होतं. त्यांच्या सूनबाईंनी एकदा नानांची वही आपल्या लॅपटॉपवर चढवली. पिशव्या, साबण, लिफाफे, मिस्ड कॉल, मेथी, सगळं धरून महिन्याची बचत भरली दोनशे बारा रुपये. त्यात कात्रीला धार लावल्याचे वीस वजा करायचे राहिले होते.

सूनबाई आणि चिरंजीव दोघंही हिंजवडीला, आयटीत. खरी मंदी आली होती ती त्यांच्याकडे. नानांच्या थकबाकीसारखीच तीही हप्त्याहप्त्याने आली. आधी ऑफिसातलं कॉफीचं यंत्र गेलं, मग घरी सोडणारी कॅब, मग पगारवाढ "पुढे ढकलली" आणि मार्चमध्ये पगाराचा तो व्हेरिएबल म्हणतात तो भाग कापला गेला. चिरंजीव दोन महिने बेंचवर होते, म्हणजे रोज इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत जायचं आणि काम नसताना कामात असल्यासारखं दिसायचं. वाकडला बुक केलेल्या फ्लॅटचं काम सातव्या स्लॅबवर थांबलेलं आणि हप्ता मात्र चालू. सूनबाईंनी गाडीचं बुकिंग रद्द केलं, म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवली, पोराचा पोहण्याचा क्लास बंद केला, आणि यातलं काहीही सोसायटीत कळू दिलं नाही. नाना तेव्हा गच्चीवर लोकांना ट्यूब कापण्याचं प्रात्यक्षिक दाखवत होते.

धुणंभांडीवाल्या मावशींची पगारवाढ मंदी संपेपर्यंत थांबवू, असा एक ठराव नानांनी मांडला. मावशी शांतपणे म्हणाल्या, "चालंल. पर किती तारखेला संपती ते कालनिर्णयवर लिवून ठिवा." नाना तारीख देऊ शकले नाहीत. नानींनी डब्यातल्या पैशांतून पगार वाढवला आणि वहीत तो "किरकोळ" खात्यावर टाकला. नानांना किरकोळ खात्याचा फार संशय होता, पण त्याचं लेखापरीक्षण करण्याची हिंमत डिफेन्स अकाउंट्समध्ये नव्हती.

जून २००९ मध्ये पेपरात आलं की घाऊक किमतींवरचा महागाईचा दर शून्याच्या खाली, उणे दीड टक्क्याच्याही पलीकडे गेला. तूरडाळ त्या उन्हाळ्यात नव्वदीकडे निघाली होती. नानांनी बातमी कापली, घडी घालून खिशात ठेवली आणि वाण्याच्या दुकानी जाऊन गल्ल्यावर पसरली. "हे बघा. सरकार म्हणतंय, महागाई उणे आहे." वाण्याने चष्मा लावून बातमी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "उण्याची संपली नाना. अधिकचीच राहिलीय, देऊ?" त्याच सरकारने पुढे ग्राहक किमती पाहून त्या जुलैपासून महागाई भत्ता २२ वरून २७ टक्के केला. महागाई उणे आणि महागाईची भरपाई अधिक, हे दोन्ही सरकारी निर्णय नानांना सारखेच मान्य होते. वाण्याकडे एक कात्रण आणि बँकेत दुसरं, एवढाच फरक.

आता कर्जाचं. चिरंजीवांच्या गृहकर्जाचा व्याजदर चढत बारा टक्क्यांना टेकला होता. इकडे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ मध्ये नऊ टक्के असलेला रेपो दर उतरवत एप्रिलपर्यंत पावणेपाचवर आणला. पेपरात रोज स्वस्त गृहकर्जाच्या जाहिराती. चिरंजीव बँकेत गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की हा कमी दर नव्या ग्राहकांसाठी आहे. जुन्यांचं बघू.

हे ऐकून नाना जे तापले तसे मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत. "ही उघड लूट आहे! जुन्याने काय पाप केलं?" त्यांनी बँकेला पत्र लिहिलं, तीन पानी, आणि पाठकोऱ्या नव्हे, चक्क कोऱ्या कागदावर. उत्तर आलं नाही. तेव्हा नानांनी एक निर्णय घेतला. थकबाकीचा पहिला हप्ता आणि मोडलेली एक मुदत ठेव असे दोन लाख त्यांनी मुलाला दिले, तेवढं बँकेचं कर्ज फेडून टाक म्हणून. नानी पदराने डोळे पुसणार इतक्यात नानांनी वही उघडली. दर दहा टक्के. मुदत ठेवीवर नऊ मिळत होते. त्यांचा एक टक्का फायदा, मुलाचे दोन टक्के वाचले. हिशेबात कुठे खोट नव्हती. सूनबाईंनी जामीनदार म्हणून सही केली. रेव्हेन्यू स्टँपचा एक रुपया कोणी द्यायचा यावर थोडी चर्चा झाली आणि पन्नास-पन्नास पैसे असं ठरलं.

दिवाळीच्या सुमाराला मंदी ओसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. चिरंजीव बेंचवरून उठले, वाकडला आठवा स्लॅब पडला, आणि ठेवींचे दर उतरले म्हणून नानांना आयुष्यात प्रथमच मंदीची झळ लागली. तशात एका रविवारी सूनबाईंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि सहज विचारलं, "नाना, आता सगळीकडे साडेआठ-नऊने कर्ज मिळतंय. आपला दर कधी कमी करताय?"

नानांनी पोह्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला.

"केलाय की," ते म्हणाले. "नव्या कर्जदारांना."