समोरचा कचरा

मोहगावात सध्या मला 'समोर सर' म्हणतात. पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, त्यातला हा एकच शब्द गावानं लक्षात ठेवला.

पुण्याच्या माणसाचं 'समोर' नाकापुढे संपतं. आमचं तिथून सुरू होतं. 'समोर जा' म्हणजे पुढे जा आणि जात राहा. सौंसरपर्यंत गेलात तरी तुम्ही समोरच असता. या एका शब्दापायी माझ्या घरचं सरपण गेलं, ट्रॉलीचं भाडं दुप्पट गेलं आणि इज्जत किती गेली ते अजून मोजतो आहे.

निवृत्त मास्तराला दोन व्यसनं लागतात, सकाळचं फिरणं आणि लोकांच्या चुका काढणं. दिवाळीनंतर एका सकाळी घरावरून तसाच पुढे गेलो, तर नाल्याच्या काठावर ढीग. फुटक्या विटा, सिमेंटचे तुकडे, लग्नातल्या पत्रावळ्या, डायपर. एक गाय पन्नीसकट उरलेली भाजी गिळत होती. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पेन्शन सुरू झाल्यापासून रागवायला हक्काचं कोणी उरलंच नव्हतं.

तीन दिवस अभ्यास केला. घनकचऱ्याचे 2016 चे नियम वाचले. कचरा रस्त्यावर, उघड्यावर, नाल्यात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचाही नाही, असं त्यात स्पष्ट होतं. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000, असा हरित लवादाचा 2016 चाच आदेश सापडला. मग रतलाम सापडलं आणि मी हवेतच गेलो. आपल्याच मध्य प्रदेशातलं गाव! तिथल्या रहिवाशांनी गटारं आणि घाणीविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे दाद मागितली. नगरपालिका पैशांचं रडगाणं गात सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि 1980 साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती सबब चालणार नाही म्हणून सुनावलं. तेव्हाचं कलम 133, आता नव्या संहितेत ते 152 आहे. हे सगळं मी हिला उभ्याउभ्या ऐकवलं.

"अवो, पहिले चहा प्या," ही म्हणाली, "मंग जा सुप्रीम कोर्टात."

कोर्टाआधी 181 होतं. सीएम हेल्पलाइन. फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, जिला?"

"छिंदवाडा," मी जन्मभराच्या सवयीनं बोललो.

"सर, मोहगांव तो अब पांढुर्णा जिले में है।"

2023 च्या ऑक्टोबरात जिल्हा बदलला तेव्हा मी पेढे वाटले होते. जिभेला मात्र कळवायचं राहून गेलं होतं.

"कचरा किस जगह पर है, सर?"

"मेरे घर के सामने।"

"बिल्कुल सामने?"

"हाँ हाँ, एकदम सामने!"

माझ्या डोक्यात 'एकदम समोर' म्हणजे पार शेवटी, नाल्याजवळ. तिनं शुद्ध हिंदीत घ्यायचं तेच घेतलं. चूक तिची नाही. पस्तीस वर्षं ज्यानं भाषा शिकवली, त्याची आहे.

चौथ्या दिवशी मी हयातीच्या दाखल्यासाठी सौंसरला बँकेत गेलो. जिवंत असल्याचा कागद घेऊन परत आलो तर घरी माझं सुतक चालू असावं तशी शांतता. अंगण लख्ख. पऱ्हाट्यांचा भारा, तुराट्या, हिनं पावसाआधीपासून रचून ठेवलेल्या गोवऱ्या, संत्र्यांची मोडकी खोकी, सगळं गेलेलं. ट्रॅक्टर घेऊन चार माणसं आली होती. ही भांडायला उठली, तर त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाई, तक्रार तं तुमच्याच घरची हाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. "सर, आपकी शिकायत का निराकरण हो गया। आप संतुष्ट हैं?"

ही समोर उभी होती, पुणेरी अर्थानं. मी म्हणालो, "मॅडम, सफाई से संतुष्ट हूँ। घर का नहीं बता सकता।"

दुसरी तक्रार मात्र शहाण्यासारखी केली. आधी फोटो काढला, आणि त्यात ढिगासोबत विजेचा खांब आणि पुलाचा कठडा दिसेल असं पाहिलं. तारीख आणि वेळ लिहिली. जागा सांगताना 'समोर' शब्द कटाक्षानं टाळून पूर्वेला, पश्चिमेला असं बोललो. तक्रारीचा नंबर वहीत लिहिला. खालच्या अधिकाऱ्यानं मुदतीत काही केलं नाही तर तक्रार आपोआप वरच्या पायरीवर जाते, आणि अशा चार पायऱ्या आहेत, हेही विचारून घेतलं. काम झाल्याशिवाय भिडेखातर 'संतुष्ट' म्हणायचं नाही असं ठरवलं. ढिगात हात घालायचा नाही, कारण आत सुई असू शकते. कोणी टाकताना दिसलं तर भांडायचं नाही, लांबून गाडीचा नंबर टिपायचा. एवढी तयारी मी लग्न ठरवतानाही केली नव्हती.

पाहणीला माणसं आली. त्यांना घेऊन नाल्यावर गेलो आणि भाषण सुरू केलं. "पाहा, हे पाणी पुढे कन्हानला जातं, अन् कन्हानचं पाणी नागपूर पितं. पन्नीत पाणी साचलं की डासांची पैदास. लोकांना लाजच नाही. आपलं घर साफ केलं की झालं. कचरा म्हटला की समोरच्याचा!"

त्यातल्या एकानं पायानं मलबा उकरला. निळी टाइल वर आली. तिच्यावर अर्धा हिरवा पोपट.

त्या पोपटानं मला अठरा वर्षं अंघोळ करताना पाहिलं होतं. ओळख द्यायला त्याला वेळ लागला नाही.

दिवाळीआधी आम्ही न्हाणीघर तोडलं होतं. मलबा नेणारा ट्रॅक्टरवाला म्हणाला होता, सांगितलेल्या जागी लांब न्यायचे दोनशे जास्त लागतील. मी त्याला काय म्हणालो ते मला आठवत नव्हतं. त्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"सर, तुमीच तं म्हनलं होतं. दोनशे कायले देऊ, टाक न समोर कुठंबी!"

ज्याचं बांधकाम तुटतं, त्याचा मलबा योग्य जागी पोचवणं त्याचीच जबाबदारी, हेही 2016 च्याच नियमांत होतं. ते पान मी घाईत उलटलं होतं. लोकांना लावायचं कलम शोधताना माणूस आपलं कलम असंच उलटतो. माझा मेहुणा नागपूरला राहतो. लग्नापासून मला त्याला पाणी पाजायचं होतं, पण ते माझ्या न्हाणीघरावरून गेलेलं असावं असं काही मनात नव्हतं.

मलबा उचलायला तोच ट्रॅक्टर बोलावला. दाखवलेल्या जागी तो नेऊन टाकला. भाडं पुन्हा भरलं, ते वाचवलेले दोनशेही भरले, वर दंडाची पावती. बाकीचा ढीग पाहणीला आलेल्या माणसांनी उचलला. 181 वरून फोन आला. तक्रारदार आणि गुन्हेगार एकाच वेळी संतुष्ट झाल्याची ती बहुधा पहिलीच केस असावी.

आता गावातली चार माणसं तक्रार कशी करायची ते विचारायला माझ्याकडे येतात. मी पोपटाची टाइल खिडकीत ठेवली आहे. आधी तिच्याकडे पाहतो, मग बोलतो.

आणि तो ट्रॅक्टरवाला आता माल भरला की इंजिन बंद करून विचारतो, "सर, कोनतं समोर? आपलं, का भोपाळचं?"