साडेसात फुटी साडेसाती

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी अशी उपनगरं एकमेकांना चिकटून पसरली आहेत. तिथल्या मराठी माणसाला पंचेचाळिशीच्या आसपास काहीतरी होतं. ग्रीनकार्ड हाती आलेलं असतं, घराचे हप्ते अंगवळणी पडलेले असतात आणि मुलं आपापल्या खोल्यांची दारं लावून घ्यायला लागलेली असतात. मग कुणी ढोल-ताशा पथकात शिरतो, कुणी परसात मांसाला धूर देत रात्र जागवतो, कुणी मॅरेथॉन पळून गुडघे घालवतो. बायका हे सगळं चालवून घेतात, कारण गणपती विसर्जन होतात, मांस शिजतं, गुडघे तर बोलूनचालून जातातच. काठीकरांचं मात्र कधी संपत नाही.

काठीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते जोशी असतात, पाटील असतात, क्वचित सावंतही असतात. पण 'गच्च शेवाळात बसलेला बास उपसून काढायला दणकट आणि परवडणारी काठी' शोधायला घेतली, की माणूस काठीकर झाला. यातला 'दणकट' हा शब्द माशासाठी आणि 'परवडणारी' हा स्वतःच्या अब्रूसाठी. महाग काठी काय, कुणीही सोम्यागोम्या घेईल! पाचशे डॉलर फेकले की झालं. त्यात डोकं कुठे आलं?

बास म्हणजे इथला लार्जमाउथ बास. समुद्रातल्या बासशी याचं काही नातं नाही. हा गोड्या पाण्यातल्या सनफिश घराण्यातला. तोंड केवढं, तर जबडा डोळ्याच्याही मागे जातो. पाठलाग वगैरे कष्ट त्याला फारसे मानवत नाहीत. पाणवनस्पतींच्या जाळीत, कमळपानांखाली नाहीतर बुडालेल्या झाडाच्या बेचक्यात सावली धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की आ वासून पाण्यासकट आत ओढायचं. गळ लागला की तो पहिल्याच क्षणी त्या जाळीत परत घुसतो, दोरीचे दोन-चार वेढे देठांना बसतात आणि मग वर येतो तो नुसता पाला. त्यामुळे पहिल्या दोन सेकंदांत त्याला पाल्यासकट उचलावा लागतो. त्यासाठी काठी ताठ हवी. इथपर्यंत काठीकरांचं म्हणणं अगदी रास्त आहे.

डॅलसहून पूर्वेला सव्वा-दीड तासावर लेक फोर्क नावाचं धरण आहे. १९८० मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा बरीचशी झाडं तशीच उभी ठेवली होती. आज ती वाळलेली खोडं पाण्यातून डोकी वर काढून उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी हायड्रिला नावाची पाणवनस्पती माजली आहे. ही हायड्रिला मूळची आपल्या बाजूची. गेल्या शतकात मत्स्यालयांच्या व्यापारातून ती फ्लोरिडाला पोचली. जलपर्णीचा प्रवास उलटा. ती दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आली आणि पुण्याच्या नद्यांवर, कोल्हापूरच्या रंकाळ्यावर ठाण मांडून बसली. पुण्यात असताना पाषाण तलावातली जलपर्णी काढा म्हणून महापालिकेला पत्रं लिहिणारे हेच गृहस्थ आता टेक्सासात पेट्रोल जाळून पाणी दिसणार नाही इतका पाला जिथे माजला असेल अशी जागा शोधत फिरतात. सापडली की 'काय सुंदर आहे!' म्हणतात.

काठीकरांचं शिक्षण पहिल्या महिन्यात पुरं होतं, आणि त्यानंतर आपलं सुरू होतं. मंडळाच्या दिवाळीत हातात चकली धरून ते समजावतात, की पॉवर वेगळी आणि ॲक्शन वेगळी. काठी वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर. ती कुठून वाकते ती ॲक्शन. आपल्याला पॉवर हेवी हवी, ॲक्शन फास्ट हवी. म्हणजे नुसतं टोक लवेल, खालचा भाग वाकायचं नाव घेणार नाही. हे दाखवताना चकली मोडते. लांबी सात फूट तीन इंचांपासून पुढे, आमिषाचं वजन दीड औंसापर्यंत पेलायला हवं, दोरी ब्रेडेड, पन्नास ते पासष्ट पौंडांची. मूठ लांब, म्हणजे कोपराखाली दाबून धरता येते. "आणि गंमत सांगतो," ते आवाज खाली आणतात, "एका कंपनीची हेवी ती दुसरीची मीडियम हेवी असते. याला काही प्रमाणच नाही!" ही गंमत सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळतो की समोरच्याला अभिनंदन करावंसं वाटतं.

आणि मग येतो डी थॉमस. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातले हे गृहस्थ लव्हाळ्यात बारा-बारा फुटी काठ्या घालून बास काढायचे. बाकीच्या स्पर्धकांनी ओरड केली, तेव्हा त्यांनी काठी साडेसात फुटांवर आणली आणि तरीही स्पर्धा जिंकल्या. त्या पद्धतीला फ्लिपिंग म्हणतात आणि काठीकर साडेसात फुटांवर अडून बसतात ते त्यामुळे. आमच्या वहिनींनी हा इतिहास एकदाच ऐकला आणि एवढंच म्हणाल्या, "साडेसात फूट का? तरीच."

त्यांच्याबरोबर दुकानात जायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. तिथली दुकानं म्हणजे लग्नाची कार्यालयं असतात. आत धबधबा, भिंतीवर पेंढा भरलेली हरणं, मधोमध हौदात जिवंत बास फिरताहेत आणि समोर काठ्यांच्या रांगाच रांगा. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या साखळीची सुरुवात १९७२ मध्ये मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला जॉनी मॉरिस यांनी वडिलांच्या दारूच्या दुकानाच्या मागच्या भागात केली. ग्राहकाला शुद्धीवर ठेवायचं नाही हे धोरण तेव्हाच ठरलं असावं, असं मला वाटतं. काठीकर मात्र शुद्धीत असतात. काठी उचलतात, एक डोळा मिटून बुडापासून शेंड्यापर्यंत नेम धरल्यासारखी पाहतात. मग कड्या मोजतात. जितके फूट तितक्या कड्या आणि वर एखादी जास्त हवी, असा त्यांचा हिशेब. त्यानंतर खिशातून एक छोटी डबी निघते. डबीत देवघरातली कापसाची वात.

ही वात ते प्रत्येक कडीतून हळूच ओढून काढतात. कडीच्या आतल्या चिनीमातीला केसाएवढी जरी चीर असली, तरी कापसाचा तंतू तिथे अडकतो. मासा जोरात असताना तीच चीर दोरीला करवतीसारखी कापते. युक्ती बावनकशी आहे, मी स्वतः तंतू अडकलेला पाहिला आहे. पण निळा अंगरखा घातलेला तो सहा फुटी टेक्सन विक्रेता, काठीच्या नवव्या कडीतून समईची वात ओढणाऱ्या माणसाकडे पाहत ज्या शांतपणे उभा होता, ते शांतपण मी चर्चमध्येही पाहिलं नाही. शेवटी काठीकर त्यालाच टोक धरायला सांगतात आणि स्वतः मूठ धरून मागे रेलतात. विक्रेता दोन पावलं पुढे ओढला गेला, की पॉवर हेवी.

हे सगळं करून ते काठी जागेवर ठेवतात आणि घरी येऊन तिच्या नावापुढे एक्सेलमध्ये गुण भरतात.

खरं सांगायचं तर या एका बाबतीत स्वस्त घेणं हाच शहाणपणा आहे, आणि तो शोधायला सहा महिने लागत नाहीत. काठीला दोनशे, तीनशे, पाचशे डॉलर मोजतो तेव्हा ते हलकेपणासाठी आणि संवेदनेसाठी मोजतो. तळाशी आमिषाला माशाचा ओठ लागला तरी बोटांना कळावं म्हणून. ते उंची कार्बन ताठ आणि हलकं असतं, पण ठिसूळही. जाड भिंतीचं साधं ग्राफाइट किंवा त्यात काचतंतू मिसळलेली काठी जरा जड, जरा बथ्थड, पण मार खाते. पाल्यावरून पोकळ रबरी बेडूक ओढताना तर बास पाणी फोडूनच वर येतो. ते बोटांनी कळायची गरज काय, शेजारच्या होडीलाही कळतं. दणकटपणा ही या बाजारातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ऐंशी ते सव्वाशे डॉलरमध्ये चांगली काठी येते आणि पन्नासच्या आत येते तीही बऱ्याचदा मालकापेक्षा जास्त टिकते. तसं पाहिलं तर काठ्या माशांमुळे मोडतच नाहीत. त्या गाडीच्या दारात आणि छताच्या पंख्यात मोडतात.

मी हे काठीकरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि एक्सेलमध्ये 'दार' आणि 'पंखा' असे दोन नवे रकाने घातले.

काठीचं अंदाजपत्रक शंभर डॉलर, त्याच्या वर एक सेंट नाही. ती सापडेपर्यंत घरात काय काय आलं ते मात्र त्यांच्या हिशेबात धरायचं नाही. पाल्याच्या छतातून आमिष खाली पडावं म्हणून दीड औंसाच्या टंगस्टनच्या गोळ्या आल्या, कारण शिसं तेवढ्याच वजनाला आकाराने मोठं होतं आणि अडकतं. दर गोळीला सात-आठ डॉलर. रबरी बेडूक आले, काळे आणि पांढरे. ध्रुवीकरण केलेला गॉगल आला. काठीपेक्षा दुप्पट किमतीचं रील आलं. "रील आयुष्यभराचं असतं," असं त्याचं समर्थन. डॉलरला रुपयाने गुणायची सवय जाऊन वर्षं लोटलेला हा माणूस काठीपुरता पुन्हा गुणायला लागला होता. आणि एके दिवशी नव्याण्णव डॉलरची एक काठी सर्व रकान्यांत उत्तीर्ण झाली. हेवी, फास्ट, साडेसात फूट, एकसंध.

एकसंध काठी गाडीत मावत नाही हा रकाना राहून गेला होता. ती मागच्या काचेपासून निघून दोघांच्या मधून पुढच्या काचेपर्यंत आली आणि लेक फोर्कपर्यंत मी कान तिच्या तिसऱ्या कडीला लावून बसलो.

त्या सकाळी काठीकरांना बास मिळाला, हे मी देवाशप्पथ सांगतो. जाळीतल्या घागरीएवढ्या भोकात त्यांनी गोळी सोडली, दोरी बाजूला सरकली आणि त्यांनी दोन्ही हातांनी काठी वर ओढली. वर आला तो हिरव्या पाल्याचा भाराच. तो होडीत आदळला, काठीकरांनी गुडघे टेकून पाला उपसला आणि तळाशी बास सापडला, तोंड उघडं, चेहऱ्यावर चिडलेल्या हेडमास्तरचे भाव. मापपट्टीवर अठरा इंच भरला. लेक फोर्कचा नियम असा, की सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवायचा नाही. फोटो झाला, बास परत गेला.

घरी वेंगुर्ल्याहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी पाटा-वरवंट्याच्या अभावी मिक्सरला दोष देत वाटण करून ठेवलं होतं.

"जावईबापू, मासा खंय?"

"सोडला, आई."

"सोडलात?" त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग काठीकडे, मग पुन्हा जावयाकडे. "गावला होता ना?"

काठीकरांनी त्यांना नियम सांगितला, रे स्कॉट यांच्या संघटनेने १९७२ मध्ये पकडून सोडून द्यायची चळवळ कशी सुरू केली ते सांगितलं, मोठे मासे टिकले तरच पुढची पिढी कशी दणकट निघते तेही सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे बंधू जेटीवर गरवायला बसत, तेव्हा हातात काठी नसे. बोटाला दोरी गुंडाळलेली असे, मासा लागला की बोटाला कळे. तेव्हा काठीसाठी सहा महिने घालवण्यात काय मतलब, हा त्यांचा साधा प्रश्न होता. काठीकर म्हणाले, "आई, बोटाला फास्ट ॲक्शन नसते."

मग कोंडी फोडायला त्यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या बासची हकीकत काढली. २ जून १९३२. जॉर्जिया राज्य, मंदीचे दिवस. जॉर्ज पेरी नावाचा वीस वर्षांचा गरीब शेतकरी पोरगा. बास भरला २२ पौंड ४ औंस. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी बरोबरी केली, पण आजतागायत तो विक्रम स्पष्टपणे मोडलेला नाही.

"त्याने काय केलं माशाचं?"

काठीकर घुटमळले. "घरी नेऊन खाल्ला."

"शहाणा हो पोरगा," सासूबाई म्हणाल्या आणि तवा तापत ठेवला.

बांगलादेशी दुकानातून आणलेली सुरमई त्यांनी तेलात सोडली आणि दुसरी बाजू परतायच्या आत छतावरचा धुराचा अलार्म केकाटायला लागला. अमेरिकेतल्या घरांची छतं दोन मजले उंच का असतात ते मला आजवर कळलेलं नाही. खुर्ची पुरेना, शिडी गॅरेजमध्ये बासच्या सामानामागे गाडली गेलेली. वहिनींनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि खुर्चीवर चढून नेम धरला.

"टोकाने नको!" काठीकर ओरडले. "उलटी धर! मुठीने दाब! आणि पंखा बघ, पंखा!"

वहिनींनी काठी उलटी करून मुठीने बटण दाबलं. पहिल्याच दाबाला अलार्म गप्प झाला. काठीकरांनी खालून सगळं निरखून पाहिलं होतं.

"बघितलंस? जराही वाकली नाही," ते मला म्हणाले. "पण ही जाळीसाठी झाली. बेडकासाठी थोडी नरम टोकाची वेगळी लागेल. शंभरच्या आतच बघू."