चाचेगिरीला घरून परवानगी

आमच्या पुतणीने दहावीच्या सुट्टीत समुद्री चाच्यांच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडलाय. प्रत्येकीत नायिका सोळा-सतरा वर्षांची, कमरेला तलवार, गळ्यात शापित ताईत आणि दुसऱ्या प्रकरणात जहाज तिच्या ताब्यात. आता स्वतःच एक कादंबरी लिहायचं बाईंनी मनावर घेतलंय. नायिका अर्थात आमच्या खेडची.

"काका, खेडातून जहाज निघेल?"

"निघेल की! जगबुडीतून वाशिष्ठीत, तिथून दाभोळ, पुढे मोकळा दर्या. फक्त जगबुडीत मगरी आहेत."

मगरी तिने लगेच वहीत टिपून घेतल्या. ड्रॅगनचा खर्च वाचला.

मग मी कान्होजी आंग्र्यांचा विषय काढला. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, पण ते मराठी आरमाराचे सरखेल. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. व्यापारी जहाजांनी कान्होजींचं दस्तक घ्यायचं. नसेल तर जहाज जप्त.

"म्हणजे चाचे नव्हते, आरटीओ होते?" तिचा चेहराच पडला.

तिची समजूत काढायला मेरी रीड आणि ॲन बॉनी या दोन चाचेबायका सांगितल्या. १७२० साली जमैकाजवळ त्यांचं जहाज पकडलं, तेव्हा बाकीचे गडी खाली दडून बसले आणि या दोघी लढत राहिल्या, असं सांगतात. आमची आई तांदूळ निवडत ऐकत होती. "गडी दडून बसले? मग त्यात नवीन काय?"

घात झाला तो रात्री जेवताना. पुतणीने पानावर बसून कथानक सांगितलं.

"एकटीच जाणार गो? सोबत कोण?" आजी.

"आधी बारावी होऊ दे," तिची आई.

"बोट लागली तर?" असं म्हणत आमच्या हिने आवळासुपारी, कोकमं, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी अशी यादीही केली.

या कादंबऱ्यांतल्या नायिका बहुधा पोरक्या का असतात, ते तेव्हा उमगलं. आईबाप हयात असते, तर एकही जहाज बंदराबाहेर पडलं नसतं. खेडात तेवढ्यानेही भागत नाही. आईबाप मारले तरी आत्या, माम्या, शेजारच्या काकी उरतातच. एवढा संहार पहिल्या प्रकरणात मावत नाही.

शेवटी हार मानून तिने आजीलाच जहाजावर घेतलं. गोऱ्या कप्तानाची वाट अडवून नायिका तलवार उपसते, तोच आजी पुढे होते. "मूळचे कुठले तुम्ही? लग्न झालंय? पगार किती?" तिसऱ्या प्रश्नाला कप्तान पांढरं निशाण फडकवतो.

तलवार फुकट गेली म्हणून पुतणी रुसली आहे. आजीचा मात्र एकच आग्रह: जहाज कुणीही चालवा, दस्तकावर सही माझी.