बॉनेटपाशीचे तात्या

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना एखाद्या पिकअपचं बॉनेट उघडलं, की तात्या हजर. हातात अर्धा कप चहा, तोंडात तयार निदान : "बॅटरी बसलीया. बदलून टाक."

"तात्या, दिवाळीला नवीच घातलीया."

"मग डुप्लिकेट मारली तुझ्या गळ्यात."

तात्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तिथं 'मला यंत्रातलं कळत नाही' म्हणायची कुणाची छाती आहे? त्यात तात्यांचे आजोबा यंत्रांचे नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या हाताखाली होते. (असे सगळ्यांचे आजोबा एकत्र उभे केले, तर गॅरेज-कारखान्यांच्या उद्यमनगरात पाना फिरवायला जागा उरणार नाही.)

गाडी ढकलस्टार्ट करायची ठरते. गुळाच्या ढेपांसकट पिकअप ढकलतात हमाल, तात्या बाजूनं चालत "दुसऱ्यात टाक, दुसऱ्यात!" एवढं बघतात. इंजिन धडधडलं, की त्यांचा हुकमी प्रयोग. दहाचा पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल सोडवायचं. "डायनामा चांगला असंल तर गाडी बंद पडत न्हाई, बघ."

तेवढ्यात वायरिंगवाला मेस्त्री येतो आणि तात्यांचं मनगट धरतो. चालू गाडीची बॅटरी काढली, की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. कटाऊट आणि डायोड धड असले तरी जळतात. म्हणजे आजार नसला तरी तपासणीनं होणार.

मेस्त्री मीटर लावतो. बारा पूर्णांक एक दशांश व्होल्ट. इंजिन चालू असताना आकडा चौदाच्या आसपास हवा. इंजिन बंद करून बेल्ट दाबून बघतो, ताण ठीक. मग अल्टरनेटरच्या मागून बोट फिरवतो आणि ते काळंकुट्ट बोट ड्रायव्हरपुढं धरतो.

"ब्रेक जड लागतोय?"

"चार दिस झालं. तुला कुणी सांगितलं?"

या पिकअपला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. त्याचं सील गेलं, की इंजिनाचं ऑइल आत उतरतं, कार्बन चिकटतात आणि चार्जिंग बंद. सील आणि कार्बनचा खर्च नव्या बॅटरीपुढं किरकोळ.

"मी तेच म्हणत हुतो," तात्या म्हणतात, "बॅटरीला काय बी झालं न्हाई." आणि पलीकडं दुसरं बॉनेट उघडलेलं दिसतं, तिकडं वळतात.

तेव्हा गाडीवाल्यांनो, चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो का, एवढं रोज बघा. लागला नाही किंवा विझला नाही, तर यार्डात बॉनेट उघडू नका. तशीच उद्यमनगरात न्या.