गाळणकाका

गोपाळ मंदिरासमोरच्या दुकानात गाळणकाका शर्टपीस निवडत होते. आधी त्यांनी खिशातून इंचभराचं पितळी भिंग काढलं, गिरणीत त्याला पिक ग्लास म्हणतात, आणि टाचणीच्या टोकानं उभे-आडवे धागे मोजले. मग कापड ओठांवर ताणून धरलं आणि जोरात फुंकर मारली. पलीकडे तळहात धरायला मला उभं केलं होतं. "आली का हवा?" "थोडी आली." "थोडी म्हणजे किती?" चौथ्या कापडाला दुकानदारानं हात जोडले. "बाबूजी, पहनना है कि छानना है?"

काका खूश झाले. एवढा मुद्द्याचा प्रश्न त्यांना आयुष्यात फार थोड्यांनी विचारला असेल.

त्यांचं घराणं शिंद्यांच्या पदरी उज्जैनला आलेलं. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला नेली, यांचे पूर्वज इथेच राहिले. "पातळ होतं ते निघून गेलं, आम्ही कापडावर राहिलो," असं काका सांगतात. नोकरी मक्सी रोडवरच्या एका कारखान्यात, फिल्टर प्रेसवर. ओळीनं उभ्या प्लेटा, त्यांच्यावर कापड, आणि पंपानं मध्ये दाबून भरलेला रबडीसारखा माल. पाणी कापडातून निघून जातं आणि प्लेटांमध्ये घट्ट वडी उरते. तिला केक म्हणतात. लग्नानंतर पहिले काही महिने काकूंची समजूत होती की नवरा बेकरीत आहे. 'आज केक ओलाच निघाला' म्हणून जेवणावरून उठणारा माणूस दुसरा कोण असणार?

निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी अजून फोन येतात. कुणीतरी नवीन परचेसवाला विचारतो, "काका, नायलॉन मागवू ना?" त्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं. काका ताटावरून उठून खुर्चीत बसतात. माल आंबट की खारा? गरम किती? कण केवढा, टोकदार की गुळगुळीत? आणि मुख्य म्हणजे, तुला हवंय काय, वरचं की खालचं? वडी विकायची असेल तर कापड वेगळं आणि पाणी विकायचं असेल तर वेगळं, हे ऐकेपर्यंत समोरच्याची रेंज गेलेली असते. निदान तो तसं म्हणतो.

कापडांकडे काका सोयरिकीच्या नजरेनं बघतात. नायलॉन हा कष्टाळू मुलगा. कितीही घासा, दाबा, ओढा, तक्रार नाही. ड्यूपाँटमध्ये कॅरोदर्सच्या हाताखाली १९३५ साली जन्मला आणि १९३८ मध्ये बाजारात आला तो टूथब्रशचे केस होऊन, म्हणजे घासणं जन्मापासूनचंच. कॉस्टिकशीही त्याचं जमतं. पण आंबट बोललेलं अजिबात सोसत नाही. एका ठिकाणी खरेदीवाल्यानं ॲसिडच्या मालाला हौसेनं नायलॉन लावलं. आठवडाभरात ते भिजलेल्या पापडासारखं हातात आलं. पॉलिएस्टरचं उलट, आंबट चालेल पण गरम कॉस्टिक दाखवू नका. पॉलिप्रॉपिलीन दोन्ही घरांत नांदतं, फक्त नव्वद अंशांच्या वर डोकं तापलं की आक्रसून बसतं. एकदा खरंच मुलगी सांगून आलेल्या घरी काकांनी विचारलं होतं, "मुलाला उष्णता कितपत सोसते?" तेव्हापासून काकू त्यांना बैठकीला नेत नाहीत.

२०१७ मध्ये महाकाळाच्या पिंडीची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अभिषेकाला आरओचं पाणी, तेही माणशी अर्धा लिटर, आणि भस्मारतीच्या वेळी पिंडी कोरड्या सुती कापडानं पूर्ण झाकायची, असं ठरलं. गावात परंपरेवरून वाद पेटले. काका मात्र पेपर घेऊन धावत आमच्याकडे आले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कापडाचा विषय निघाला होता! "सुती बरोबर आहे," त्यांनी पसंती दिली. "पण वीण? वीण कोणती, ते नको का कुणी विचारायला?"

यंदा पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चक्का बांधायचं काम स्वतःकडे घेतलं. कपाटातून कोरं मोनोफिलामेंट नायलॉन काढलं. त्याचा एकेक धागा म्हणजे एकच गुळगुळीत तार, मासेमारीच्या गळाच्या दोरीसारखी, त्यामुळे वडी चिकटत नाही. "पण काका, दही आंबट," मी म्हटलं. "लॅक्टिक. सौम्य. एका रात्रीत काय होतंय?" चकचकीत बाजू दह्याकडे करून त्यांनी कापड चाळणीत पसरलं, दही ओतलं, वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. खालच्या पातेल्यात पांढरंशुभ्र पाणी उतरलं. निम्मं दहीच ते.

"पहिलं गढूळच येतं," काका शांतपणे म्हणाले. "गाळायचं काम कापड करत नसतं. कापडावर पहिला थर बसतो, तो गाळतो. परत ओत."

मी परत ओतलं. दहाला ओतलं, अकराला ओतलं. थर काही बसेना. बाराच्या सुमाराला काका मायक्रॉनचा हिशेब करता करता खुर्चीतच झोपले. तेवढ्यात काकू उठून आल्या, माझ्याकडे न बघता पातेलं आणि चाळणी दोन्ही उचलून आत घेऊन गेल्या.

सकाळी गुढी उभारली. चाळणीत, नायलॉनवर, चक्क्याची घट्ट, देखणी वडी बसलेली होती. काकांनी कापडाचं टोक धरून उचललं आणि वडी अलगद सुटली. "कण तरी चिकटलाय का बघ! याला म्हणतात केक रिलीज." काकू वेलदोडे कुटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जेवायच्या आधी काका हात धुवायला मागच्या अंगणात गेले. दोरीवर त्यांचा जुना पंचा वाळत होता, मधोमध गाठीच्या चुण्या पडलेला. ते थांबले. खिशातून भिंग काढलं, पंच्यावर टेकवलं आणि बराच वेळ धागे मोजले.

"सुती," परत येऊन पाटावर बसत ते मला म्हणाले. "ओलं झालं की धागा फुगतो. भोकं मिटतात."

मग त्यांनी काकूंपुढे वाटी धरली.